लोखंडाची कुजबुज ऐकणारे आमचे साडभाऊ

आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे पैनगंगेच्या काठापासून उटनूरच्या जंगलापर्यंत, लोखंडाचं म्हणणं कान देऊन ऐकून घेणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा याला मी काय करणार? इतरांचे साडू लग्नात मानपानावरून रुसतात, टोपी-उपरणं निरखून घेतात, फार तर वरणात मीठ कमी आहे म्हणून चारचौघांत ऐकवतात. आमचे साडभाऊ मांडवात शिरले की सरळ आचाऱ्याकडे जातात आणि त्याचा सुरा मागतात. आचारी बिचारा समजतो, काका कांदा चिरायला मदत करायला आले. काका सुरा उलटासुलटा करतात, पात्यावरून नखाने हळूच रेघ ओढतात आणि विचारतात, "साणेवर धार लावतानी पानी टाकलं होतं का कोरडाच धरला?" आचारी सुरा परत मागतो. मग साडभाऊ सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "भाजलं हे पातं! वरून चमकून राह्यलं, आतून मेलं!" नवरीची आई 'मेलं' ऐकून दचकते, भटजी मंगलाष्टक अर्ध्यावर सोडतात आणि माझी बायको माझ्याकडे असं बघते की जणू हा जावई मीच तिच्या माहेरी आणून बसवला.

साडभाऊ मूळचे जैनथकडचे. घरी कापूस आणि ज्वारी, पण यांचा जीव लहानपणापासून नांगराच्या फाळात. पुढे महाराष्ट्रातल्या एका गिअरच्या कारखान्यात लागले आणि उभा जन्म तपासणी खात्यात काढला. निवृत्तीच्या दिवशी इतरांनी शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेतलं. यांनी साहेबांच्या मागे लागून भंगारात निघालेला एक जुना डबा मागून घेतला आणि तो मांडीवर ठेवून आदिलाबादला परत आले. त्या डब्याला ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, जुन्या लुगड्याची गोधडी शिवून दिली आहे. बैठकीच्या खोलीत पंख्याखालची जागा डब्याची. पाहुणे आले तर पाहुणे सरकतात.

हा डबा काय करतो ते साडभाऊ मला माझ्या बियाण्यांच्या दुकानात बसून समजावतात, तेही नेमकं ऐन पेरणीत, काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना. तुम्हाला मी थोडक्यात सांगतो. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड केलेलं, कडक पोलाद ग्राइंडिंगच्या चाकाखाली घासताना तापतं. कारागिराने घाई केली, चाक जास्त दाबलं, किंवा दुधासारखं पांढरं तेलपाणी वर नीट पडलं नाही, की पोलादाची वरची कातडी भाजते. डोळ्यांना काही दिसत नाही, वस्तू आरशासारखी लखलखते, आणि पुढे कामाला जुंपली की तिथूनच तडा जातो. हे ओळखायची जुनी रीत म्हणजे तेजाब, आपलं ॲसिड, लावायचा. भाजलेली जागा काळी पडते खरी, पण त्या गुळगुळीत अंगाचीही वाट लागते. तेजाबाचं नाव काढलं की साडभाऊंच्या कपाळाची शीर उठते. "पोराले ताप हाये का पाहाले त्याले चुलीवर ठेवतेत का?" असं ते विचारतात, आणि भेंडीचं बी न्यायला आलेला माणूस घाबरून 'नाही, नाही' म्हणतो. डबा मात्र वस्तूचं काहीच बिघडवत नाही. त्याला वायरीने जोडलेला अंगठ्याएवढा पाय लोखंडावर टेकवायचा. तो लोखंडाला चुंबक बनवतो, लगेच उलट्या दिशेने बनवतो, पुन्हा सुलट्या. या ओढाताणीत लोखंडाच्या पोटातले चिमुकले चुंबक झटके देत कूस बदलतात आणि त्या झटक्यांची खसखस स्पीकरमधून ऐकू येते. धडधाकट कडक पोलाद हळू कुजबुजतं. भाजून मऊ पडलेलं मोठ्याने खसखसतं. आणि इतकं भाजलं की लाल होऊन, वरच्या पाण्याने पुन्हा काचेसारखं ठिसूळ झालं, तर ते जवळजवळ गप्पच होतं. "ओरडलं तं भाजलं, गप्प झालं तं लय भाजलं," हे साडभाऊंचं वेदवाक्य. ते त्यांनी संसारालाही लावलंय. ताई ओरडत असल्या की साडभाऊ निवांत पेपर वाचतात. ताई गप्प झाल्या की चप्पल घालून माझ्या दुकानात येऊन बसतात.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही एक स्वतंत्र शिक्षा आहे. एकदा तामसीला बारशाला निघालो. साडभाऊ बसच्या पायरीवरच थांबले आणि ड्रायव्हरला विचारू लागले, हिचा आक्सल शेवटचा कुठे घासला, कोणी घासला, घासताना तेलपाणी होतं का. मागे रांग. कोणाच्या डोक्यावर टोपली, कोणाच्या कडेवर पोर. ड्रायव्हर भला माणूस, हात जोडून म्हणाला, "पेद्दायना, मुंदु कूर्चोंडि!" काका, आधी बसा तर खरं, म्हणजे. साडभाऊ म्हणाले, "बसतो, पन हे माहीत नसून बसनं म्हंजे हिंमतच हाये," आणि हे त्यांनी मराठीतून, तेलुगूतून आणि मागच्या एका सरदारजीसाठी हिंदीतून सांगितलं. अर्धी रांग मागच्या बसची वाट बघायला बाजूला झाली. तेव्हापासून माझ्या स्कूटरवर मागे साडभाऊ आणि त्यांच्या मांडीवर गोधडीतला डबा, अशी आमची वरात जिल्हाभर फिरते. खिशात चुंबकाचे तुकडे असतात, त्यामुळे बायकोच्या हरवलेल्या सुया, माझ्या दुकानातल्या टाचण्या आणि एकदा तर भटजींच्या नातवाची खेळण्यातली मोटार त्यांच्या सदऱ्याला चिकटलेली सापडली.

आणि चुकलो म्हणणं? ते त्यांच्या कोशातच नव्हतं. रस्ता चुकला तर तो रस्ता बदललेला असायचा. भाच्याच्या लग्नाला आदल्या दिवशीच जाऊन पोचले तेव्हा म्हणाले की तारीख लोकांनी उशिराची धरली.

हा सगळा ताप हसून सोसणारा एकच माणूस होता, गंगाराम मिस्त्री. साडभाऊंचा शाळेपासूनचा दोस्त. बाजाराच्या मागे त्याचं ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. आमच्या भागातल्या जिनिंग मिलांचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या गिरण्यांचे, झिजलेले शाफ्ट त्याच्याकडे येतात. झिजलेल्या जागी नवा थर चढवून, पाणी देऊन आणलेला शाफ्ट मिस्त्री असा घासतो की बेअरिंग त्यावर लोण्यासारखी सरकते. ठिणग्यांच्या रंगावरून आणि चाकाच्या सुरावरून त्याला सगळं कळतं. साडभाऊंनी आयुष्यात कोणाच्या कामाला नावं ठेवली नसतील तर ती याच्या. पण गेल्या वर्षी मिस्त्रीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, चहाचा कप धरताना हातही जरासा थरथरू लागला. एकदा माझ्या दुकानात पालकाचं बी न्यायला आला आणि निघता निघता म्हणाला, "मालक, हात पयल्यासारका राह्यला का नाई, हे कोनाले इचारू? पोरं तं चांगलंच म्हनतेत. गिऱ्हाईकही तोंडावर चांगलंच म्हनते." मी म्हटलं, साडभाऊंना विचारा, ते तोंडावर चांगलं म्हणायचा धोकाच नाही. मिस्त्री हसला. मग गंभीर झाला आणि म्हणाला, "त्यालेच इचारतो. दसऱ्याले, सगळ्यायसमोर. तो हो म्हनला तं दुकान चालवीन, नाई म्हनला तं कुलूप लावीन."

आमच्याकडे दसऱ्याला जिनमध्ये, म्हणजे याच मिलांमध्ये, यंत्रांची पूजा होते आणि मग हंगाम सुरू होतो. त्या सकाळी मिस्त्रीचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या एका शेठच्या मिलमध्ये मिस्त्रीने घासलेला नवा शाफ्ट पाटावर मांडला होता, झेंडूच्या माळेत. पूजेनंतर साडभाऊ तो तपासणार आणि मग तो मशीनला चढणार, असं ठरलेलं. ताईंचा हात शुभ म्हणून त्या मिलमधल्या दरेक नव्या वस्तूला हळदकुंकू त्याच लावतात. त्या ऑटोने पुढे गेल्या. मी आणि साडभाऊ मागून निघालो आणि वाटेत एका पानवाल्याच्या अडकित्त्यापाशी अडकलो. पोचेपर्यंत पूजा उरकली होती. शाफ्टची बेअरिंग बसायची जी चकचकीत जागा, नेमक्या तिच्यावर ताईंनी आपल्या भरल्या हाताने हळदीचा जाड लेप देऊन त्यावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं. वाळून कडक झालेलं.

साडभाऊंनी खिशातून फडकं काढलं आणि स्वस्तिकाकडे हात नेला.

"अवो!" ताई कडाडल्या. "पूजेचं कुंकू पुसून राह्यले? दसऱ्याच्या दिवशी? माह्या डोयासमोर?"

सगळ्या बायकांनी तोंडावर पदर घेतला. आता सांगा, बायकोने लावलेलं कुंकू तिच्यादेखत पुसायची छाती कोणत्या नवऱ्याला होईल? साडभाऊंनी फडकं खिशात घातलं, गोधडी सोडली आणि डब्याचा पाय थेट स्वस्तिकावर टेकवला.

स्पीकर गप्प. अगदीच गप्प. म्हणायला बारीकशी खसखस, तीही दूरच्या घरात कोणी तांदूळ निवडत असल्यासारखी. साडभाऊंनी पाय उचलून पुन्हा टेकवला, डब्यावरचा काटा पाहिला, कान जवळ नेला. त्यांचा चेहरा उतरला तेव्हा मला वाटलं, आता तरी हा माणूस दोस्तासाठी खोटं बोलेल. पण खोटंही त्यांच्या कोशात नव्हतं. "लय भाजलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मांडवाला ऐकू जाण्याइतका मोठा नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेला.

शेठ मोबाइलवर सगळं टिपत होते. "अरे, ये तो गया!" म्हणत त्यांनी तो व्हिडिओ जिनवाल्यांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. मिस्त्री भांडला असता तर बरं झालं असतं. तो शाफ्टकडे वळला. "तू म्हनला म्हंजे असंनच," एवढंच म्हणून त्याने झेंडूच्या माळेसकट शाफ्ट उचलायला लावला, ऑटोत घातला आणि निघून गेला. साडभाऊ माझ्या मागे स्कूटरवर बसले आणि घरापर्यंत एका शब्दाने बोलले नाहीत. मी रस्त्यात मुद्दाम एक खड्डा चुकवला नाही, तरीही नाहीत.

त्यांच्या घरी कोणी धड जेवलं नाही. दुपार कलल्यावर साडभाऊंनी मन रमवायला आपला नमुना काढला. नमुना म्हणजे कारखान्यातून आणलेला पोलादाचा एक गोल तुकडा, जगातला सगळ्यात निरोगी. डबा बरोबर ऐकतोय का हे पडताळायला आधी त्याच्यावर पाय टेकवायचा असतो. तोही ताईंनी सकाळी देवापुढे ठेवून पूजला होता आणि निरोपाच्या अक्षता टाकून परत जागेवर ठेवला होता. साडभाऊंनी पाय टेकवला आणि खोलीभर शांतता पसरली. नमुना गप्प! साडभाऊ ताडकन उठले. "भाजला! नमुना भाजला! घरातल्या घरात भाजला! कोनं केलं हे?" त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे का पाहिलं, मोलकरणीला विचारलं, मला विचारलं, खिडकीतून शेजाऱ्याच्या वेल्डिंगकडे बोट केलं. पितळेचं तबक घेऊन ताई दारात आल्या, जरा वेळ तमाशा पाहिला आणि म्हणाल्या, "अवो, लोखंडाले हात तं लावा आधी. तुमचा पाय माह्या हयदीवर उभा हाये."

साडभाऊ खाली वाकले. नखाने हळद खरवडली. पाय टेकवला. नमुना लाडाने कुजबुजला.

तो क्षण मी विसरणार नाही. डब्याचा पाय लोखंडाला घट्ट भिडायला हवा, मध्ये कागदाएवढा थर आला तरी आवाज दबतो, हे उभा जन्म दुसऱ्यांना शिकवणारा माणूस चटईवर बसून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होता. "आन् भोवती ओरडनारं कडं नव्हतं! खरं भाजलं असतं तं त्या गप्प जागेभोवती मऊ पडलेलं कडं असतं, ते खसखसलं असतं! मी पायलंच नाई, माह्या डोयापुढं गंग्याचं तोंडच दिसून राह्यलं होतं!" मग एकदम थबकले. "साडभाऊ, गाडी काढा. तो शाफ्ट कापंल तो. आन् कुलूप लावंल."

स्कूटरवर मी, मध्ये डबा, मागे साडभाऊ, आणि त्यांच्याही मागे, जिथे जागाच नव्हती तिथे, हातात अक्षतांची वाटी घेऊन ताई. दसऱ्याची संध्याकाळ. सगळं गाव सोनं वाटायला नवे कपडे घालून रस्त्यावर आलेलं. दर दहा पावलांना कोणी ना कोणी पानं पुढे करून आडवं येई, "सोनं घ्या काका!" आणि साडभाऊ डबा सावरत ओरडत, "वापस येतानी घेतो! माहं सोनं तिकडं कापून राह्यले!" एका माणसाने खरंच समजून चोर चोर म्हणून आरोळी ठोकली, आणि काही पोरं कोणाच्या मागे धावायचं ते न कळून आमच्याच मागे धावली. त्या वरातीसकट आम्ही वर्कशॉपात शिरलो.

मिस्त्रीने शाफ्ट वाइसच्या पकडीत आवळला होता. करवत हातात होती, पण चालली नव्हती. माळेतला एक झेंडू जमिनीवर पडला होता, तो उचलून मिस्त्री त्याच्याकडे नुसता बघत बसला होता.

"थांब!" साडभाऊ ओरडले आणि पुढचं सुचेना म्हणून पुन्हा ओरडले, "थांब बे!"

ताईंनी दोघांनाही बाजूला केलं. पूजा केलेली वस्तू तशीच पुसत नाहीत. आधी उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या, वस्तू जराशी हलवून देवाला निरोप द्यायचा, मग ती पुन्हा साधी वस्तू होते. ताईंनी अक्षता टाकल्या, वाइस सैल करवून शाफ्ट बोटभर सरकवला, हात जोडले आणि आपल्या नव्या साडीच्या पदराने ते स्वस्तिक स्वच्छ पुसून काढलं. आमच्यामागे धावत आलेल्या पोरांनीही हात जोडले. साडभाऊंनी पाय टेकवला.

शाफ्ट कुजबुजला. हळू, एकसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. साडभाऊ पाय सरकवत गेले, शाफ्ट फिरवत गेले, कुठे एक खसखस मोठी नाही. "पाह्य," ते मिस्त्रीला म्हणाले, "आईक. नमुन्याहून सरस हाये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मोबाइल काढा." आणि माझ्या मोबाइलसमोर ताठ उभं राहून, जिनवाल्यांच्या ग्रुपसाठी, आयुष्यात न उच्चारलेलं वाक्य त्यांनी तीनदा, तीन भाषांत उच्चारलं. "माहं चुकलं. तप्पु नादि. गलती मेरी थी." तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्याबद्दल मला इतकी वर्षं जे वाटत आलं ते वैताग असावा असा माझा समज होता. त्या संध्याकाळी कळलं, ते प्रेमच होतं.

शाफ्ट दुसऱ्या दिवशी मशीनवर चढला आणि अजून मजेत फिरतोय. शेठनी तो दुसरा व्हिडिओही ग्रुपवर टाकला. मिस्त्रीने दुकानाला कुलूप लावलं नाही. साडभाऊ आता रोज सकाळी त्याच्या वर्कशॉपात जाऊन स्टुलावर बसतात. डबा नेत नाहीत. एखादा जिनवाला म्हणाला, काका, जरा तुमचं मशीन लावून बघा, तर उसळून म्हणतात, "त्यानं चांगलं म्हनलं का नाई? मंग झालं!"

परवा मी त्यांना बोलवायला गेलो तेव्हा मिस्त्रीचं एक काम नुकतंच उरकलं होतं. ओल्या शाफ्टवरून त्याने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग स्टुलाकडे बघितलं. साडभाऊ छताकडे बघत बसले. "माह्याकडं काय पाह्यतं?" ते म्हणाले. "तूच सांग." मिस्त्रीने अंगठा तिसऱ्यांदा फिरवला आणि मग म्हणाला, "चांगलं हाये." काम फत्ते झालं की हाच मिस्त्री पूर्वी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायचा. आता म्हणाला ते इतकं हळू की मला त्याच्या ओठांवरूनच कळलं.

साडभाऊ उठले नाहीत. माझी स्कूटर बाहेर चालू होती, घरी ताई जेवायला थांबल्या होत्या. मी हाक मारली तर त्यांनी हातानेच थांबायची खूण केली, मिस्त्रीकडे कान करून बसून राहिले आणि म्हणाले, "जा तुमी. मी थांबतो. अजून एक शाफ्ट हाये त्याचा."